थंडीत गीझर गार का पडतो? : दुरुस्ती करणाऱ्या बांधवांसाठी एक धडा

डिसेंबर उजाडला की इलेक्ट्रिकच्या दुकानांत एकच तक्रार येऊ लागते. "मिस्त्री, गीझरचा दिवा लागतो, पण शॉवरला पाणी गारच येते. उन्हाळ्यात तर चांगला चालत होता." घरात फजरच्या वुजूसाठी उठणारी वडीलधारी माणसे असतात, सकाळच्या शाळेची मुले असतात, त्यामुळे ग्राहक घाईत असतो. कारागीरही घाईत असतो. तो कॉईल बदलतो, पैसे घेतो आणि निघतो. चार दिवसांनी तीच तक्रार पुन्हा दारात येते. यात ग्राहकाचे पैसे जातात आणि कारागिराचे नाव जाते. म्हणून दोष कोणत्या क्रमाने शोधावा, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

आधी हिशोब, मग पाना

प्रथम एक साधा आकडा लक्षात ठेवावा. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर पूर्ण व्होल्टेजवर मिनिटाला १ लिटर पाण्याचे तापमान सुमारे ४३ अंशांनी वाढवतो. धार मिनिटाला ३ लिटर असेल तर हेच ४३ तीन ठिकाणी वाटले जातात, म्हणजे वाढ होते फक्त १४ अंश.

आता उन्हाळा व थंडी यांची तुलना करू. गच्चीवरच्या टाकीतले पाणी उन्हाळ्यात ३० अंश धरले तर शॉवरला ४४ अंशांचे पाणी मिळते. नाशिक, जळगाव, परभणी, नागपूर या भागांत थंडीच्या पहाटे तेच पाणी १६ अंशांवर आलेले असले, तर शॉवरला मिळते ३० अंशांचे. आपल्या अंगाचे तापमान ३७ अंश, म्हणून ३० अंशांचे पाणी गारच लागणार. गीझर दोन्ही वेळी तेवढेच काम करीत आहे. येथे दोष गीझरचा नाही, हिशोबाचा आहे. धार निम्मी करून मिनिटाला दीड लिटर ठेवली तर वाढ २८ अंशांच्या पुढे जाते आणि पाणी ४४ अंशांच्या आसपास येते. अशा गीझरच्या छोट्या टाकीत साठलेले पहिले एकदोन तांबे चांगले गरम येतात व मग पाणी कोमट होते, त्याचेही कारण हेच.

धार मोजण्यासाठी एक लिटरचा मग आणि घड्याळ पुरते. मग २० सेकंदांत भरला तर धार मिनिटाला ३ लिटर. ४० सेकंद लागले तर दीड लिटर. ही परीक्षा फुकट आहे आणि ती ग्राहकासमोर करावी.

व्होल्टेजची चोरी

दुसरा आकडा व्होल्टेजचा. व्होल्टेज थोडे उतरले की उष्णता फार उतरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर ३ किलोवॅटचा गीझर सव्वादोन किलोवॅटच्या आसपास येतो; १८० व्होल्टवर तो १.८ किलोवॅटवर उतरतो. म्हणजे आपला ४३ चा आकडा २६ होतो. थंडीच्या सकाळी मोहल्ल्यातील सगळे गीझर एकाच वेळी सुरू होतात, तेव्हा हे अनेक ठिकाणी घडते.

पण दरवेळी दोष लाइनचाच नसतो. गीझर बंद असताना बोर्डावर २३० दिसतात आणि गीझर चालू होताच त्याच्या टर्मिनलवर १९५ उरतात, तेव्हा मधली वायर बारीक आहे किंवा एखादा जोड सैल आहे. बोर्डावरचेच व्होल्टेज तेवढे पडत असेल, तर दोष मेन स्विचकडे किंवा बाहेरच्या लाइनमध्ये शोधावा. ३ किलोवॅटला १३ अँपिअर लागतात. त्यासाठी १६ अँपिअरचा सॉकेट आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. अंतर लांब असेल तर चार चौरस मिलिमीटरची. प्लगची पिन काळी पडली असेल तर चोर तेथेच सापडला असे समजावे. ही मोजणी चालू विजेवरची आहे, म्हणून ती जाणकार वायरमननेच करावी. ओल्या फरशीवर उभे राहून तर कधीच नव्हे.

वीज की पाणी?

यानंतर क्लॅम्प मीटर लावून करंट पाहावा. ३ किलोवॅटला १३ आणि २ किलोवॅटला पावणेनऊच्या आसपास अँपिअर दाखवत असेल तर वीज आपले काम चोख करीत आहे. मग कॉईल बदलण्यात अर्थ नाही. दोष पाण्याच्या बाजूला आहे.

पाण्याच्या बाजूची परीक्षा अशी : वीज बंद करावी, गीझरमध्ये जाणारा थंड पाण्याचा कॉक बंद करावा आणि गरम पाण्याचा नळ उघडावा. पाणी थांबले पाहिजे. ते वाहतच राहिले तर मिक्सरमधून थंड पाणी गरम नळीत घुसत आहे. मिक्सरचा वायसर किंवा आतला भाग गेला आहे.

साठवणीच्या उभ्या गीझरमध्ये आणखी दोन दोष आढळतात. गरम पाण्याची नळी आतून टाकीच्या वरच्या टोकापर्यंत गेलेली असते. ती सडून तिला खाली भोक पडले तर थंड पाणी थेट बाहेर येते. दुसरा दोष नळ्या उलट जोडण्याचा. आमच्या पाहण्यातील एका घरी दोन वेळा कॉईल व एकदा थर्मोस्टॅट बदलला होता. तरी पाणी कोमटच. शेवटी कळले की रंगकामाच्या वेळी गीझर उतरवला होता आणि परत बसवताना निळ्या खुणेची व लाल खुणेची नळी आपसात बदलली गेली. अर्ध्या तासाचे काम, पण त्याआधी त्या घरच्या माणसाने तीन सुट्या भागांचे पैसे मोजले होते.

करंट मुळीच नसेल तर

मेन बंद करून, टेस्टरने दोन्ही टर्मिनल तपासून, वायर सोडवून कॉईल मोजावी. ३ किलोवॅटची चांगली कॉईल १७ ते १८ ओहम आणि २ किलोवॅटची २६ ते २७ ओहम दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉईल तुटली. कॉईल ठीक असेल तर थर्मोस्टॅट आणि कट-आऊट पाहावा. कट-आऊट उडालेला असेल तर बटण दाबून मोकळे होऊ नये. तो का उडाला हे शोधावे. बोअरच्या पाण्याचा क्षार कॉईलवर जमला की कॉईल आतल्या आत तापते, थर्मोस्टॅट लवकर सुटतो आणि शेवटी कॉईल फुटते. क्षार लिंबूसत्त्वाच्या पाण्याने काढावा. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर तोही बदलावा, कारण तो टाकीच्या पत्र्याच्या बदल्यात स्वतः झिजत असतो.

वेळेचाही हिशोब सांगावा. १५ लिटरच्या २ किलोवॅट गीझरला पाणी १६ वरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे २३ मिनिटे लागतात. उन्हाळ्यात ३० वरून तेच काम १६ मिनिटांत होते. पुष्कळ वेळा ग्राहकाने दहा मिनिटे आधी स्विच टाकला पाहिजे, एवढीच दुरुस्ती असते.

ज्यात जीव जातो

पाणी जास्त गरम व्हावे म्हणून काही जण थर्मोस्टॅट काढून वायर 'डायरेक्ट' करतात, किंवा गळतो म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह बुजवतात. बांधवांनो, ही दुरुस्ती नव्हे. बंद टाकीत पाणी उकळले आणि वाफेला वाट नसली तर टाकी फुटते. तसेच कॉईलच्या पिना व वरचे आवरण यांच्यामध्ये मेगर लावल्याशिवाय गीझर परत बसवू नये. आकडा घसरलेला असेल तर ती कॉईल आज पाणी तापवील आणि उद्या ओल्या अंगाच्या माणसाला झटका देईल. अर्थिंग तपासावे आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवण्याचा आग्रह धरावा.

हलाल मजुरी

पैगंबर (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओलावा आढळला. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. ही हदीस धान्यापुरती नाही. काढलेली जुनी कॉईल ग्राहकाच्या हाती द्यावी, मीटरचा आकडा त्याला दाखवावा, बदललेल्या भागाची पावती लिहावी. काही बदलावे लागले नाही तर तपासणीची मजुरी आधी ठरवून घ्यावी आणि तेवढीच घ्यावी. ती मागण्यात संकोच नको. दोष ओळखण्याची विद्या हीसुद्धा मेहनत आहे.

"कॉईल चांगली आहे, फक्त धार कमी ठेवा," असे सांगणारा कारागीर त्या दिवशी शे-दोनशे रुपये कमी कमावतो, पण पुढच्या थंडीत त्या गल्लीतील दहा घरे त्यालाच बोलावतात. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.