धूर दिसला की आजारी माणूस आधी हलवा

फेब्रुवारीच्या मध्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंतचे दिवस वणव्याचे. डोंगराला आग लागली की गावातली धडधाकट माणसं ओल्या फांद्या घेऊन जाळरेषेकडे धावतात. घरात उरतात ती म्हातारी माणसं, बाळंतिणी, लहान मुलं आणि दमेकरी. आग वाडीपर्यंत आली नाही तर गाव वाचलं असं आपण म्हणतो. मला हा हिशेबच अपुरा वाटतो. ज्वाळा घरापर्यंत आल्या की नाहीत, एवढ्यावरून कुणाला अपाय झाला ते ठरत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की गाव सोडण्याची वेळ सगळ्यांसाठी एकच ठेवू नये. निरोगी माणसांनी आगीची चाल बघून निघावं. ज्यांची छाती किंवा हृदय कमजोर आहे त्यांना मात्र धूर वाडीत उतरू लागताच हलवावं, मग आग दोन डोंगर पलीकडे का असेना.

ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यात लागलेल्या वणव्यांत प्रत्यक्ष आगीने ३३ माणसं दगावली. त्याच वणव्यांच्या धुरामुळे पूर्व ऑस्ट्रेलियात सुमारे ४१७ जादा मृत्यू झाले, असा तिथल्या संशोधकांचा अंदाज आहे. श्वसनाच्या आणि हृदयाच्या विकारांनी रुग्णालयात भरती झालेले तीन हजारांहून अधिक, ते वेगळे. इंडोनेशियातल्या १९९७ च्या वणव्यांनंतर जनगणनेच्या आकड्यांवरून झालेला अभ्यास तर जास्तच अस्वस्थ करतो. गर्भातली आणि नुकती जन्मलेली मिळून पंधरा हजारांहून अधिक बालकं धुरामुळे गेली असावीत, असा त्याचा निष्कर्ष. हे घडतं ते धुरातल्या अतिसूक्ष्म कणांमुळे. अडीच मायक्रॉनहून लहान असलेला हा कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढाही नसतो. तो नाकात अडत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. तिथे सूज येते, तिचे परिणाम रक्तातून हृदयापर्यंत पोचतात. त्यात आपल्याकडची भूरचना अशी की रात्री थंड हवा दरीत उतरते आणि धुराला खालीच दाबून धरते. वणवा माथ्यावर आणि धूर पायथ्याच्या वाडीत, असं पहाटे हमखास दिसतं.

यावर गावात एक उत्तर नेहमी मिळतं: आमच्या घरात चूल रोज पेटते, आम्हाला धुराची सवय आहे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. सवय झालेली असते, पण ती डोळ्यांना आणि घशाला. फुप्फुसाला धुराची सवय होत नाही, ते झिजतं. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईच्या श्वासनळ्या विडी न ओढताही आकसतात. सीओपीडी नावाचा हा आजार आपल्याकडे बायकांत मोठ्या प्रमाणावर आढळतो तो यामुळेच. निरोगी माणसाच्या फुप्फुसात गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकद शिलकीत असते. हिची शिलक चुलीने आधीच खाल्लेली असते. ‘मला काही होत नाही’ असं जी आजी म्हणते, तिलाच म्हणून पहिल्या गाडीत बसवायला हवं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हलवणं हेच जिवावर बेतू शकतं. खरं आहे. जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर, मार्च २०११ मध्ये, रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून घाईघाईने हलवलेले पन्नासहून अधिक रुग्ण प्रवासात किंवा त्यानंतर लगेच दगावले. पण त्यांना कशाने मारलं ते नीट पाहा. तासन्‌तासांचा प्रवास, सोबत वैद्यकीय माणूस नाही, औषध-पाण्याची सोय नाही. म्हणजे दोष घाईचा होता. उलट टोकाचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावाचं. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या वणव्यात ८५ माणसं गेली आणि त्यांत बहुतेक साठी-पासष्टी ओलांडलेली होती. आगीने त्यांना निघायला वेळच दिला नाही. या दोन्ही घटना मला एकच गोष्ट सांगतात: वृद्धाला हलवायचं तर दिवसाउजेडी, जवळच्या ठिकाणी, त्याच्या गोळ्यांसह आणि ओळखीचं माणूस सोबत देऊन. हे सगळं जमतं ते लवकर निघालं तरच.

तोंडाला ओलं फडकं बांधून घरीच थांबू, हाही विचार होतो. फडक्याने राख अडते, सूक्ष्म कण अडत नाहीत. एन-९५ मास्क अडवतो, पण तो गालाला घट्ट बसला तर. कौलांच्या फटींतून धूर येणाऱ्या घरात दारं लावून फार काही साधत नाही. कोविडच्या काळात गावोगावी ऑक्सिमीटर पोचले, त्यावरही आंधळा विश्वास नको. जो माणूस आगीजवळ धुरात घुसमटला आहे त्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड भिनलेला असू शकतो. अशा वेळी ते यंत्र ९८ दाखवतं आणि माणूस आतून गुदमरत असतो. डोकं ठणकणं, मळमळ, बरळणं, छातीत कळ, एक वाक्य पुरं बोलताना लागणारी धाप, यांपैकी काहीही दिसलं तर आकडा न बघता १०८ ला फोन करावा.

राहता राहिली गुरं. गुरांसाठी माणसं मागे थांबतात, आणि गोठा हा शेतकऱ्याचा संसार असतो, त्यामुळे त्यांना दोष देता येणार नाही. पण म्हणूनच दोन वेळा ठेवायच्या. आजारी माणसं आधीच सुरक्षित झाली की मागे राहिलेल्यांचे हात मोकळे राहतात. दावी सोडून जनावरं नांगरलेल्या रानात नेता येतात, १९२६ वर वनखात्याला कळवता येतं.

हे वणवा लागल्यावर ठरवू म्हटलं तर होत नाही. २६ जानेवारीला ग्रामसभा भरते, वणव्याचा हंगाम त्यानंतर तीनेक आठवड्यांनी सुरू होतो. त्या सभेत आशाताईंकडून यादी मागून घ्या: गरोदर बायका, दोन वर्षांखालची मुलं, दमा, सीओपीडी, हृदयविकार, क्षयरोग, अंथरुणावरची माणसं. प्रत्येक नावापुढे कुणाची गाडी आणि कुणाचं घर ते लिहा. पंप, रक्तदाबाच्या आणि क्षयाच्या गोळ्या, इन्सुलिन यांचा आठवडाभराचा साठा एका पिशवीत बांधून दाराशी टांगा. आणि ती यादी पोलीस पाटलांच्या हाती द्या.