दुखणं सोबत असताना धंदा: हिशेब वाईट दिवसाचा धरा

गेल्या वर्षी वडूजच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, मला आमवात आहे. सकाळी तासभर बोटं मिटत नाहीत. ब्लाऊज चांगले शिवते, पण लग्नसराईत चार गिऱ्हाइकं तुटली. धंदा बंद करू का?"

मी म्हटलं, "बंद नंतर करू. आधी वही काढा."

गिऱ्हाइकं शिलाईमुळे तुटली नव्हती, चुकलेल्या तारखेमुळे तुटली होती. ताई तारीख द्यायच्या चांगल्या दिवसाच्या अंदाजाने, आणि मधेच वाईट दिवस यायचे. व्हिडिओत दाखवलेला त्यांचा हिशेब इथे लिहून देतोय.

१. दिवसांची नोंद ठेवा. रोज रात्री वहीत एकच शब्द लिहा: चांगला, मध्यम की वाईट. ताईंचे महिन्यातले कामाचे दिवस २६. त्यात १४ चांगले (रोज ६ ब्लाऊज), ८ मध्यम (रोज ३) आणि ४ वाईट (एकही नाही). म्हणजे ८४ + २४ = १०८ ब्लाऊज. त्या ऑर्डर घेत होत्या २६ × ६ = १५६. उरलेले ४८ ब्लाऊज उशिराच होणार होते!

२. ऑर्डर ९० च घ्या. पुढचा महिना याहून वाईट गेला तर? त्यासाठी १८ ची जागा मोकळी ठेवा.

३. दर पुन्हा काढा. गाळाभाडं, लाईट बिल, मशीनची देखभाल मिळून समजा ३,६०० रुपये. १५६ ने भागलं तर एका ब्लाऊजवर २३ रुपये पडतात, ९० ने भागलं तर ४०. हे १७ रुपये दरात धरले नाहीत तर ते तुमच्या मजुरीतून जातात.

४. बोटांचं काम वाटून द्या. हुक, काजं, हातशिलाई शेजारच्या ताईला नगावर द्या. मापं आणि कटिंग स्वतःकडे ठेवा, तेही बोटं मोकळी झाल्यावर. पायमशीनला मोटर बसवा.

५. तारीख सांगा, दुखणं सांगायलाच हवं असं नाही. आठ दिवसांचं काम असेल तर दहा सांगा.

आता सरकारी मदतीचं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, नुसती वेदना त्यात नाही. पण सांध्यांच्या हालचालीवर कायमचा परिणाम झाला असेल तर तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र ४० टक्के किंवा जास्तीचं मिळालं, तर नव्या उद्योगासाठी पीएमईजीपी योजनेत तुम्ही विशेष गटात येता. स्वतःची रक्कम १० ऐवजी ५ टक्के, आणि ग्रामीण भागात अनुदान २५ ऐवजी ३५ टक्के.

आणि एक कळकळीने सांगतो. मेडिकलमधून गोळी आणून ऑर्डर संपवू नका. आमवातावर वेळेत उपचार झाले नाहीत तर सांधे कायमचे खराब होऊ शकतात. डॉक्टरची तारीख ऑर्डरच्या वहीतच लिहा.

ताईंनी धंदा बंद केला नाही. यंदाच्या लग्नसराईत त्यांनी बऱ्याच ऑर्डरी परत पाठवल्या. फार जड गेलं, म्हणाल्या. पण घेतलेल्यांपैकी एकही तारीख चुकली नाही.

गृहपाठ: आज रात्रीच वहीत पहिला शब्द लिहा. ३० दिवसांनी बेरीज करा, मगच दर ठरवा.