कथेचा पूर्वआराखडा आणि निर्मितिप्रक्रिया

कथा लिहावयास घेण्यापूर्वी लेखकाने तिची आखणी कितपत करावी, हा प्रश्न वरवर पाहता लेखनतंत्राचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी समीक्षेचा एक मूलभूत प्रश्न आहे : साहित्यकृतीतील एकात्मता कोठून येते? ती आधी निश्चित केलेल्या योजनेतून येते असे मानल्यास लेखन हे त्या योजनेची केवळ अंमलबजावणी ठरते. ती लेखनाच्या ओघातच सिद्ध होते असे मानल्यास योजनेचे स्थान दुय्यम होते.

पहिल्या भूमिकेचे ठळक प्रतिपादन एडगर ॲलन पो यांच्या १८४६ मधील ‘द फिलॉसॉफी ऑफ कॉम्पोझिशन’ या निबंधात आढळते. अपेक्षित परिणाम आणि शेवट प्रथम निश्चित करावा व प्रत्येक घटक त्या अनुरोधाने योजावा, असे ते सांगतात. मराठीत ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात रचनातंत्राची पद्धतशीर मांडणी केली. १९४५ च्या सुमारास पुढे आलेल्या नवकथेने या तंत्रनिष्ठेला आव्हान दिले. घटनांच्या साखळीपेक्षा अनुभवाच्या आकाराला तिने महत्त्व दिले.

या वादात एक गफलत वारंवार होते. पूर्ण झालेल्या कृतीतील रेखीव रचना हा पूर्वनियोजनाचा पुरावा मानला जातो, तर सैल रचना हा उत्स्फूर्ततेचा. वस्तुतः रेखीवपणा पुनर्लेखनातूनही येऊ शकतो आणि सैलपणा हेतुपुरस्सर राखलेला असू शकतो. पो यांचे विवेचनही १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द रेव्हन’ या कवितेविषयी, ती लिहून झाल्यानंतर केलेले आहे. निर्मितीचा पुरावा म्हणून ते जपूनच वापरावे लागते.

अधिक विश्वसनीय साधन म्हणजे लेखकांची टिपणे. चार्ल्स डिकन्स यांनी ‘डॉम्बी अँड सन’ (१८४६–४८) पासून प्रत्येक मासिक भागासाठी कागदाच्या एका बाजूस स्वतःला विचारलेले प्रश्न व दुसऱ्या बाजूस प्रकरणांचा तपशील नोंदविण्याची रीत ठेवली. काही प्रश्नांचे उत्तर ते पुढे ढकलत. म्हणजे आराखड्यातच अनिश्चिततेला जागा होती. दस्तयेवस्की यांच्या ‘इडियट’ची टिपणे याहून उद्बोधक आहेत. आरंभीच्या योजनांतील नायक गर्विष्ठ आणि विकारवश होता. डिसेंबर १८६७ मध्ये त्यांनी ते लेखन बाजूला सारले. जानेवारी १८६८ मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या कादंबरीत सौम्य, निष्कपट मिश्किन अवतरला. पुढील भागांची दिशा तेव्हा ठरलेली नव्हती. तरीही आधीची टिपणे वाया गेली असे म्हणता येत नाही. टाकून दिलेल्या नायकातील उग्र विकार रोगोझिनसारख्या पात्रात ओळखू येतो.

मराठीत हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ या १८९० मध्ये सुरू झालेल्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. क्रमशः लेखनात छापून गेलेले प्रकरण मागे घेता येत नाही. त्यातच येथे यमू आपली कहाणी गतकालाकडे पाहत सांगते. तिच्या आयुष्याची परिणती स्थूलमानाने ठाऊक असल्याशिवाय तिच्या बालपणाच्या वर्णनाला येणारा विषादाचा सूर संभवत नाही. निवेदनपद्धतीवरून एवढे अनुमान काढता येते. प्रसंगांचा तपशील आधी ठरला होता की नाही, हे मात्र केवळ संहितेवरून सांगता येणार नाही.

तात्पर्य, ‘किती’ आखणी करावी यापेक्षा ‘कशाची’ आखणी करावी, हा प्रश्न अधिक फलदायी आहे. निवेदक कोण, त्याला काय ठाऊक आहे आणि कथेचा कल कोणत्या दिशेला आहे, एवढे निश्चित असले की प्रसंगांना बदलण्याची मोकळीक देता येते. पात्राने योजनेला विरोध केला तर योजना बदलावी. पात्र वाकवून योजना टिकविल्यास कथा निर्जीव होते. अभ्यासकांपुढील कर्तव्यही यातूनच स्पष्ट होते. मराठी लेखकांचे कच्चे खर्डे, टिपणवह्या आणि खाडाखोड केलेली हस्तलिखिते जतन झाली नाहीत, तर आपली निर्मितिप्रक्रियेची चर्चा अनुमानांवरच उभी राहील.