हप्ता महिन्याचा, पैसा हंगामाचा

आदिलाबादच्या बाजारात आमचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. घरची शेती पैनगंगेकाठी, बेला मंडळात. पीक मुख्यतः कापसाचं. दारात २०२० सालची पोलो उभी असते. एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, सहा गिअर, चाकणच्या कारखान्यात बनलेली. कंपनीने तिला ११० पीएस ताकद दिली आहे. त्याहून जास्त ताकद, चांगले ब्रेक, घट्ट सस्पेन्शन यांचं वेड मला आहे आणि त्या वेडासाठी मी पैसे साठवत आलो आहे. आमच्या भागात ही आवड वाढते आहे आणि तिच्यासोबत कर्जही वाढतं आहे. म्हणून हे लिहावंसं वाटलं.

१. हप्ता कानाला नेहमी लहानच वाटतो. हे मला गॅरेजमध्ये नाही, स्वतःच्या गल्ल्यावर बसून कळलं. जूनमध्ये शेतकरी कापसाच्या बियाण्याची पाकिटं नेतो. बीजी-२ या बीटी वाणाच्या पाकिटाची किंमत २०२५ साली ९०१ रुपये होती. खत, औषध असं सगळं मिळून वहीवर मोठा आकडा चढतो. माणूस मात्र विचारतो, "शेठ, आता किती देऊ?" एकूण किती झाले, हे फार थोडे जण विचारतात. वही माझ्या हातात असल्यामुळे मला एकूण आकडा दिसतो; त्याला फक्त आजचा दिसतो. पुढे एका दुकानात सस्पेन्शनच्या कॉइलओव्हर किटचा भाव विचारला, तर समोरचा किंमत न सांगता "महिन्याला साडेतीन हजार" म्हणाला. तेव्हा वहीच्या पलीकडच्या बाजूला बसल्यावर कसं वाटतं ते मला नीट कळलं. तरी एक फरक आहेच. बियाण्याच्या उधारीतून कापूस उगवतो आणि तो कापूसच उधारी फेडतो. माझ्या शॉकअपमधून काहीच उगवणार नव्हतं.

२. मासिक हप्ता पगारदार माणसाच्या मापाने बेतलेला आहे. आमच्याकडे पैसा दसऱ्यानंतर येऊ लागतो, दिवाळी ते संक्रांत वाहतो आणि उन्हाळ्यात आटतो. शेतकऱ्याचं जे वेळापत्रक, तेच आमच्या दुकानाचं, ट्रॅक्टरवाल्याचं, किराणावाल्याचं. त्यातही काही पक्कं नसतं. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला, पण तो आठ टक्के ओलाव्याच्या मालाला. बारा टक्क्यांपर्यंत भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) पैसे कापून घेते; त्याच्या वर ओलावा गेला की गाडी केंद्रावरून माघारी फिरते. ऑक्टोबरात पाऊस लांबला की नेमकं हेच होतं. अशा वर्षी बँकेची पाच तारीख मात्र पुढे सरकत नाही. थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावून ते मुद्दलात मिसळण्याची रीत रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२४ पासून बंद झाली, हे चांगलं झालं; पण दंडाची रक्कम द्यावीच लागते आणि चेक परतल्याचं शुल्क वेगळं. कापसाचा पैसा आला की त्यातला थोडा गाडीच्या नावाने वेगळ्या खात्यात टाकायचा, एवढी साधी पद्धत मी धरली. आमच्या पैशाच्या चालीशी ती आपसूक जुळली.

३. "फक्त दहा टक्के" हे वाक्य कागदावर मांडल्याशिवाय समजत नाही. एक लाखाचं कर्ज, तीन वर्षं, दहा टक्के फ्लॅट. व्याज ३०,००० म्हणजे एकूण १,३०,००० आणि हप्ता ३,६११ रुपये. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच धरलेलं असतं. घटत्या मुद्दलावर हिशोब केला तर हाच दर जवळजवळ अठरा टक्के पडतो. तेच ३,६११ रुपये दर महिन्याला साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर साधारण सव्वीस महिन्यांत लाख जमतात. म्हणजे घाईची किंमत दहा हप्ते. ती द्यावी की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ठरवण्याआधी तो आकडा माहीत असावा, असं मला फार तीव्रतेने वाटतं. आता एक सोय झाली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जाला बँकेने आणि वित्त कंपनीने एक मुख्य तथ्य पत्रक द्यायचं असतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. व्याज, प्रक्रिया शुल्क सगळं धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहिलेला असतो. मी सगळ्यांना सांगतो, बाकीचे कागद नंतर वाचा, आधी हे पान मागा.

४. बिनव्याजी हप्ता नावाची गोष्ट नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना हे स्पष्ट बजावलं होतं. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती इथे व्याजाच्या जागी जाऊन बसते. टायरच्या दुकानात मी एकच प्रश्न विचारतो: "रोख दिले तर काय भाव?"

५. बचत आणि कर्ज ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत, हे मला चिठ्ठीने शिकवलं. महाराष्ट्रात जिला भिशी म्हणतात तिचंच हे लिलावाचं रूप, आणि तेलंगणात ते घरोघरी आहे. समजा वीस जण, प्रत्येकी महिना पाच हजार; चिठ्ठी लाखाची. पहिल्याच महिन्यात ज्याला नड आहे तो पंचवीस हजार सोडून पंचाहत्तर उचलतो. त्या पंचविसातून चालवणाऱ्याचं कमिशन पाच हजार गेलं, उरलेले वीस हजार वीस जणांत वाटले, की प्रत्येकाला त्या महिन्यात पाचाऐवजी चारच हजार भरावे लागतात. लवकर उचलणारा कर्जदार असतो, शेवटपर्यंत थांबणारा बचत करणारा असतो आणि दोघं शेजारी बसून चहा पितात. एकाच्या घाईतून दुसऱ्याला नफा होतो. तो नफा मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. दुकानात माल भरण्यासाठी चिठ्ठी लवकर उचलली, कारण त्या मालावर हंगामात पैसे सुटणार होते. गाडीसाठी मात्र शेवटच्या टप्प्यापर्यंत थांबलो.

चिठ्ठीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदणी असलेलीच घ्या. त्यात चालवणाऱ्याला निबंधकाकडे तारण ठेवावं लागतं आणि कमिशनवर मर्यादा आहे. आधी ती पाच टक्के होती, २०१९ च्या दुरुस्तीने सात झाली. ओळखीवर चालणाऱ्या बिननोंदणीच्या चिठ्ठ्या बुडाल्या की ओळख आणि पैसा दोन्ही जातात. आमच्या गिऱ्हाइकांपैकी काहींचं वर्षभराचं उत्पन्न असं गेलेलं मी पाहिलं आहे.

६. पैसे साठेपर्यंत यादी बदलते. मला याचं सगळ्यात जास्त नवल वाटलं. सुरुवातीला माझ्या यादीत रीमॅप पहिला होता: इंजिनच्या संगणकातली आज्ञावली बदलायची, टर्बोचा दाब वाढवायचा, ताकद पंचवीस-तीस टक्क्यांनी वर. पैसे हातात असते तर त्याच आठवड्यात हैदराबाद गाठलं असतं. पण पैसे साठत होते आणि दरम्यान गाडी गॅरेजला नेली. आमच्या मिस्त्रीने टॉर्च धरून टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले: ४८१९. म्हणजे २०१९ सालच्या अठ्ठेचाळिसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी अजून बरीच शिल्लक होती, म्हणून मी निश्चिंत होतो. त्याने अंगठ्याचं नख रबरात रोवायचा प्रयत्न केला. नख रुतलंच नाही. खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या. मग त्याने ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आत काळपट तेल. "शेठ, हे हवेतलं पाणी पेते," तो म्हणाला. "घाट उतरताना गरम झालं का उकळते. मंग पाय दाबा नाहीतर नका दाबू."

निर्मळच्या अलीकडचा महबूब घाट आमच्या नेहमीच्या वाटेवर आहे. त्या संध्याकाळी यादी उलटी झाली: आधी टायर, मग ब्रेकचे पॅड आणि तेल, मग शॉकअप, रीमॅप शेवटी. या क्रमात पहिल्या तीन गोष्टींना मिळून जो पैसा लागला, त्याच्या मानाने कितीतरी जास्त वेग मला त्यांनी दिला, कारण गाडीवरचा विश्वास वाढला. नागपूरपर्यंतच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर तीच गाडी आता वेगळीच चालते. कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर एकदा ट्रॅक डेला गेलो, तेही साठवलेल्याच पैशातून. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने इंजिनबद्दल चकार शब्द काढला नाही; सारं बोलणं ब्रेक कुठे सोडायचा आणि नजर कुठे ठेवायची यावर. याच ट्रॅकवर पोलो कपच्या शर्यती झाल्या आहेत, माझ्याच गाडीच्या थोरल्या भावंडांच्या. तो एक दिवस कुठल्याही सुट्या भागापेक्षा मोठी खरेदी होती, असं मी आजही म्हणेन.

७. कायद्याने नाकारलेल्या वस्तूसाठी काढलेलं कर्ज सगळ्यात महाग. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. सीएनजी किटसारख्या बदलाची आरसीवर रीतसर नोंद होते. कानठळ्या बसवणाऱ्या सायलेन्सरची होत नाही. पोलिसांनी तो उतरवायला लावला तर सायलेन्सर जातो, दंड जातो आणि हप्ता चालूच राहतो. वॉरंटी आणि विम्याचंही तसंच. न कळवलेल्या बदलावरून दावा अडला तर तेव्हा भांडायला बळ उरत नाही. माझ्या यादीत रीमॅप शेवटी आहे त्याचं हेही एक कारण. पैसे जमले आहेत, निर्णय झालेला नाही.

८. कर्ज वाईट, असं मी कधीच म्हणणार नाही. कर्जावरच आमचा सगळा मुलूख पेरणी करतो. टायर गुळगुळीत झाले आहेत, पावसाळा तोंडावर आहे आणि लेकरांना घेऊन रोज शाळेत जायचं आहे, अशा वेळी कर्ज काढावं, लहान मुदतीचं काढावं आणि आजच काढावं. टॅक्सी चालवणाऱ्याने क्लचसाठी कर्ज घेतलं तर ती गाडीच ते फेडते. माझी हरकत आहे ती घरातलं सोनं गहाण ठेवून सायलेन्सर बसवण्याला. गाडीचं कर्ज गाडीवरच असतं, आरसीवर तारण नोंदलेलं असतं. सुट्या भागांना तसं तारण नसतं, म्हणून मग वैयक्तिक कर्जाचा चढा दर येतो किंवा आईची बोरमाळ बाहेर येते. विकताना त्या भागांचे पैसे फिरून येत नाहीत. बदललेली गाडी पाहून गिऱ्हाईक भाव पाडतं: "हिला लई पळवली असंल."

९. विचारायला येणाऱ्या पोरांना "नको" म्हणून उपयोग नसतो. परवा जैनदकडचा एक जण आला. वडील आमचे जुने गिऱ्हाईक. मोबाइलवर कर्जाचं ॲप उघडंच होतं, रक्कम भरलेली, फक्त बोट टेकवायचं बाकी. म्हटलं, ते पत्रक उघड आणि वर्षाचा दर वाच. त्याने दोनदा वाचला. मग विचारलं, "काका, दिवाळीलोक टायरचे तरी जमतीन का?" कागद घेतला. चार चांगले टायर बत्तीस हजारांच्या आसपास, म्हणजे हमीभावाने चार क्विंटल कापूस. पण चार क्विंटल विकून भागत नाही. बियाणं, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी वजा करून चार क्विंटलांचे पैसे उरले पाहिजेत. त्याच्या वाटणीला दोन एकर आहेत. आम्ही एकरी सात क्विंटल धरलं, मग पाऊस आठवून सहा केलं आणि वेचणीचा दर गेल्या वर्षीपेक्षा थोडा चढा लावून पुन्हा पहिल्यापासून बेरीज मांडली.