मनातला न्याय, पेपरातला न्याय : इंजिनिअर आणि लॉ सीईटी

"अगं, तू सिव्हिलला ना? मग हातात संविधानाचं पुस्तक कशाला?" हा प्रश्न गेल्या जुलैपासून मला मेसमध्ये, लायब्ररीत आणि होस्टेलच्या गॅलरीत इतक्या वेळा विचारला गेलाय की शेवटी मराठी विभागाची ही दोन पानंच मागून घेतली. कुणी सांगावं, प्लेसमेंटच्या गर्दीत आपल्यातल्याच आणखी कुणाच्या डोक्यात हा किडा वळवळत असेल!

आधी थोडी कोरडी माहिती. पदवी झाल्यावर तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं. महाराष्ट्रात त्याच्या प्रवेशासाठी २०१६ पासून वेगळी लॉ सीईटी होते. ती घेतो राज्याचा सीईटी सेल, म्हणजे ज्यांनी आपल्याला इथे आणून सोडलं तेच! पदवीला खुल्या वर्गासाठी ४५ टक्के लागतात, राखीव वर्गांसाठी थोडी सूट आहे. शेवटच्या वर्षाला असतानाही परीक्षा देता येते. वयाची कमाल मर्यादा नाही, त्यामुळे आपल्या सर-मॅडमपैकी कुणाला इच्छा असेल तर दार उघडं आहे. 'क्लॅट'चं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ती बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्ससाठी आणि एलएल.एम.साठी. आपल्या तीन वर्षांच्या कोर्सशी तिचा संबंध नाही.

पेपर कॉम्प्युटरवर असतो, दोन तासांचा. पूर्वी १५० प्रश्न असत, आता १२० आहेत. त्यात इंग्रजी ४०, सामान्यज्ञान व चालू घडामोडी ३२, कायद्याची जाण २४ आणि तर्कशक्ती २४. पेपर इंग्रजी आणि मराठी दोन्हींत मिळतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. (तरीही दरवर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. सीनियरच्या तोंडी माहितीवर फॉर्म भरू नका, माझ्यासुद्धा!)

आता मुद्द्याचं. तर्कशक्तीचे प्रश्न आपल्याला फारसे जड जात नाहीत. चार सेमिस्टर मॅथ्स पचवलेल्या माणसाला 'अ हा ब च्या डावीकडे बसला आहे' यात काय घाबरायचं? आपली विकेट पडते ती कायद्याच्या प्रश्नांवर. कारण तिथे आपण डोक्याने नाही, मनाने उत्तर देतो.

एक नियम, एक गोष्ट

या प्रश्नाची ठेवण ठरलेली असते. आधी एक नियम देतात, मग एक प्रसंग, मग चार पर्याय. एक नमुना मी आपल्या होस्टेलच्या भाषेत बनवलाय.

नियम : प्रस्ताव माहीत असल्याशिवाय तो स्वीकारता येत नाही.

प्रसंग : राहुलचा कॅल्क्युलेटर हरवला. त्याने नोटीस बोर्डावर लिहिलं, "आणून देणाऱ्यास ५०० रुपये." सचिनला तो वर्कशॉपमध्ये सापडला. त्याने नोटीस न बघताच राहुलला नेऊन दिला. संध्याकाळी नोटीस वाचल्यावर तो पैसे मागायला गेला. ५०० रुपये त्याला कायद्याने मिळतील का?

आमच्या विंगमध्ये हा प्रश्न मी सात जणींना घातला. सहा जणी म्हणाल्या, "मिळालेच पाहिजेत! एवढा प्रामाणिक मुलगा!" मनातला न्याय बरोबर आहे, पण उत्तर 'नाही' असंच आहे. कॅल्क्युलेटर देताना सचिनला प्रस्ताव माहीतच नव्हता, तर त्याने स्वीकारलं काय?

ही नुसती पुस्तकी कसरत नाही. १९१३ साली अलाहाबाद हायकोर्टात 'लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त' असा खटला झाला. मालकाचा पुतण्या बेपत्ता झाला, त्याला शोधायला मालकाने नोकराला पाठवलं. नोकर गेल्यावर मालकाने बक्षीस जाहीर केलं. नोकराने मुलगा शोधून आणला, तोवर बक्षिसाची त्याला गंधवार्ता नव्हती. पुढे त्याने दावा लावला आणि तो हरला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझाही संताप झाला होता. पण कोर्टापुढचा प्रश्न 'नोकर चांगला होता का?' हा नव्हता. 'करार झाला होता का?' हा होता.

म्हणून पहिला धडा : प्रश्न काय विचारलाय तेवढंच बघा.

पर्यायातलं 'कारण' वाचा

दुसरा नमुना. नियम : दुसऱ्याच्या जागेत परवानगीशिवाय जाणूनबुजून शिरणं म्हणजे अतिक्रमण; नुकसान झालंच पाहिजे असं नाही. प्रसंग : सबमिशनला उशीर होतोय म्हणून गणेश एका शेतातून शॉर्टकट मारतो. पीक तुडवलं जाऊ नये म्हणून बांधाबांधाने जातो. शेतकरी दावा लावतो. पर्याय असे :

अ) गणेश जबाबदार नाही, कारण नुकसान झालं नाही.
ब) गणेश जबाबदार आहे, कारण त्याने पीक तुडवलं.
क) गणेश जबाबदार आहे, कारण तो परवानगीशिवाय शिरला.
ड) गणेश जबाबदार नाही, कारण त्याला घाई होती.

'जबाबदार आहे' एवढं ठरवून घाईत 'ब'वर क्लिक करणारे पुष्कळ. पण पीक तुडवल्याचं प्रसंगात कुठे आहे? उत्तर 'क'. निकाल बरोबर आणि कारण चूक, म्हणजे पर्याय चूक. आपल्या व्हायव्हासारखंच आहे : आकडा बरोबर आला तरी सर विचारतातच, "कसा आला?"

आणि हो, दिलेला नियम तुमच्या माहितीतल्या खऱ्या कायद्यापेक्षा वेगळा वाटला तरी त्या प्रश्नापुरता तोच कायदा. न्यूमरिकलमध्ये 'घर्षण शून्य माना' म्हटल्यावर आपण भांडत बसतो का? तसंच हे.

जुनी पुस्तकं जपून

कायद्याच्या विभागात थेट माहितीचेही प्रश्न येतात. इथे जुन्या सेकंडहँड पुस्तकांपासून सावध. १ जुलै २०२४ पासून देशात तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तर १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालंय. जमावबंदीचं १४४ आता नागरिक सुरक्षा संहितेतलं १६३. आणि आपण ज्याला प्रेमाने 'चारसोबीस' म्हणतो, तो माणूस कायद्याने आता '३१८' आहे! (बोलीभाषेत बिचारा चारसोबीसच राहणार.) मी एका वहीत जुनं कलम डावीकडे आणि नवं उजवीकडे असा तक्ता केलाय, कुणाला हवा असेल तर झेरॉक्स काढून न्या.

संविधानाचं पाठांतर कलमांच्या रांगेने करू नका, जोड्या लावा. कलम ३२ : मूलभूत हक्कांसाठी सुप्रीम कोर्ट, कलम २२६ : हायकोर्ट. ४२ वी घटनादुरुस्ती, १९७६ : मूलभूत कर्तव्यं आली, ४४ वी, १९७८ : मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला आणि कलम ३०० अ मध्ये बसला. एक आला, एक गेला, असं लक्षात राहतं.

मराठीतून पेपर देणार असाल तर शब्दांची स्वतंत्र यादी करा. टॉर्ट म्हणजे अपकृत्य. कन्सिडरेशन म्हणजे प्रतिफल, 'विचार' नव्हे. मायनर म्हणजे अज्ञान; इथे अज्ञान म्हणजे अडाणी नाही, अठरा वर्षांखालची व्यक्ती. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे १९०३ च्या 'मोहोरी बीबी' खटल्यात ठरलं. शब्द चुकला की अख्खा प्रश्न चुकतो.

वेळेचं गणित

१२० प्रश्न, १२० मिनिटं. मी क्रम ठरवलाय : सामान्यज्ञान आधी (येतं किंवा येत नाही, विचार करून उगवत नाही), मग कायदा, मग इंग्रजी आणि शेवटी तर्क. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायची. निगेटिव्ह मार्किंग नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. प्रॉबॅबिलिटी आपल्याला शिकवलीच आहे : १२ प्रश्नांवर डोळे मिटून क्लिक केलं तर सरासरी ३ गुण पदरात पडतात. दोन पर्याय आधीच बाद करता आले तर ६. कोरे सोडले तर शून्य.

रोजचं म्हणाल तर सकाळी मेस उघडण्याआधी रीडिंग रूममध्ये पेपर : एक इंग्रजी अग्रलेख, त्यातले पाच शब्द वहीत. इंग्रजीचे गुण एक-तृतीयांश आहेत, ते ग्रामर पाठ करून येत नाहीत, वाचून येतात. रात्री जेवणानंतर कायद्याचे वीस प्रश्न. रविवारी घड्याळ लावून पूर्ण पेपर, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक ओळ : का चुकला? माहिती नव्हती, घाई झाली, की मन मध्ये आलं? माझ्या वहीत तिसऱ्या रकान्यातल्या खुणा सर्वांत जास्त आहेत.

मग मनातल्या न्यायाचं काय?

हे वाचून कुणी म्हणेल, ही परीक्षा माणसाला दगड बनवते की काय? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण इंटर्नशिपमध्ये पाहिलेला एक प्रसंग.

थर्ड इयरनंतर मी एका बांधकामाच्या साईटवर होते. साईट इंजिनिअरने तिथल्या मिस्त्रींना सांगितलं, "कंपाउंडची भिंत दोन फूट वाढवा, बिलात बघू." भिंत वाढली. बिलाच्या वेळी ऑफिसातून प्रश्न आला, "लेखी ऑर्डर आहे का?" मिस्त्रींनी खिशातली डायरी काढली. त्यात माणसं, दिवस, विटा, सगळं पेन्सिलीने मांडलेलं होतं. सही मात्र कुणाची नव्हती. "मॅडम, भिंत तर समोर उभी आहे," ते मला म्हणाले. मनातला न्याय आम्हा सगळ्यांनाच कळत होता. हळहळलो, चहा पाजला. आठ माणसांची मजुरी मिस्त्रींनी पदरची भरली आणि ते दुसऱ्या साईटवर गेले.

चार महिन्यांनी सीईटीसाठी १८७२ चा भारतीय करार कायदा वाचताना कलम ७० समोर आलं. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काम केलं, ते फुकट करण्याचा त्याचा इरादा नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याची भरपाई दिली पाहिजे. अगदी तीच भिंत! प्रत्यक्ष कोर्टात निकाल काय लागला असता ते मी सांगू शकत नाही, कंत्राटाची कागदपत्रंही बघावी लागली असती. पण विचारता तरी आलं असतं. त्या दिवशी त्या साईटवर डिग्रीवाले, डिप्लोमावाले मिळून आम्ही पाच जण होतो आणि विचारायचं काय हे एकालाही माहीत नव्हतं.

म्हणून मला वाटतं, पेपरातला न्याय हा मनातल्या न्यायाचा शत्रू नाही, त्याचं अवजार आहे. नियम थंड डोक्याने वाचता आला, तरच तो गरजवंताच्या बाजूने वापरता येतो.

तुम्हाला वकील व्हायचं नसेल, तरी हरकत नाही. पेटंट एजंटच्या परीक्षेला तर कायद्याची पदवीही लागत नाही, विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची चालते. आयआयटी खरगपूरचं बौद्धिक संपदा कायद्याचं स्कूल २००६ पासून इंजिनिअर्सना एलएल.बी. शिकवतंय. आणि यातलं काहीच करायचं नसेल, तर निदान नोकरीच्या पहिल्या दिवशी हातात येणारा बॉन्ड सही करण्याआधी पूर्ण वाचा, आणि साईटवर कुणाला जादा काम सांगाल तेव्हा दोन ओळी लिहून खाली सही करा.

तयारी करणाऱ्यांनी रात्री नऊनंतर रीडिंग रूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर यावं. सध्या आम्ही तिघी आहोत, चौथी खुर्ची रिकामी आहे. ऑल द बेस्ट!