ऐकणारी माती, सांगणारी माती

भुलाबाई हा विदर्भ-खानदेशातील मुलींचा उत्सव. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजींची मातीची मूर्ती घरात मांडतात. भुलाबाईच्या मांडीवर बाळ गणपती असतो. कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली संध्याकाळी घरोघरी जाऊन या मूर्तीपुढे टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात. शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा असतो.

या गाण्यांचा विचार करताना मला एका परक्या मूर्तीची मदत झाली. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात कोचिटी पुएब्लो हे मूलनिवासींचे गाव आहे. तेथे आईच्या मांडीवर मूल अशा मूर्ती पूर्वीपासून होत. १९६४ मध्ये हेलन कोर्डेरो यांनी आईच्या जागी आपले आजोबा सान्तियागो किंताना बसवले. ते गोष्टी सांगण्यात तरबेज होते. मूर्तीचे डोळे मिटलेले, तोंड उघडे, अंगाखांद्यावर पाच नातवंडे. पुढे इतर पुएब्लो गावांतील कुंभार घराण्यांनीही असे ‘गोष्ट सांगणारे’ घडवले.

तेथे मातीच गोष्ट सांगते. आपल्याकडे माती ऐकते आणि मुली सांगतात. म्हणून आपली परंपरा अधिक नाजूक आहे. मूर्ती बाजारात मिळेल, गाणे मिळणार नाही.

कारल्याच्या वेलाचे गाणे घ्या. सून माहेरी जायला निघते. सासू म्हणते, आधी वेल लाव. वेल लावला, तर आता कारली येऊ दे. कारली आली, तर भाजी कर. एकेक अट वाढते, तसे कडवे वाढते. सासूचा अडवणुकीचा स्वभाव कोणी वर्णन करून सांगत नाही, तो गाण्याच्या रचनेतूनच कळतो. कथा लिहिणाऱ्यांनी शिकावे असे हे तंत्र आहे.

किरनापूरला मी मराठी शिकवतो. येथे शाळेची भाषा हिंदी, मराठी घरापुरती. ‘नणंद’ शब्द मुलींना कळतो. ‘मुऱ्हाळी’, म्हणजे सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येणारा, हा शब्द समजावून सांगावा लागतो. आजीच्या गाण्यांबरोबर असे शब्दही जातील.

अभ्यास :
१. घरातील वडीलधाऱ्या बाईकडून एक गाणे ऐका. उच्चार न सुधारता जसेच्या तसे लिहा.
२. त्यातील नात्यांचे शब्द वेगळे काढा.
३. प्रत्येक कडव्यात नवे काय येते, ते दाखवा.
४. ते गाणे त्यांना कोणी शिकवले, हे विचारा आणि वहीत सर्वात वर लिहा.