लिनक्सवर व्हिडिओ कॉल अडला? या क्रमाने तपासा

लायसन्सचा खर्च वाचवायला दुकानाच्या कॉम्प्युटरवर उबंटू टाकलंत, छान केलंत. पण घाऊक गिऱ्हाईक कॉलवर माल बघायला बसलंय आणि आपण नुसतं "हॅलो, ऐकू येतंय का?" करतोय, तर ऑर्डर दुसरीकडे जायला वेळ लागत नाही. म्हणून हा क्रम पाठ करा.

१. आवाज: सेटिंग्जमध्ये 'साउंड' उघडा. मॉनिटर एचडीएमआयने जोडला की आवाज बऱ्याचदा तिकडे जातो, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो! आउटपुटला हेडफोन निवडा. बोलताना इनपुटची पट्टी हलली, तर माईक ठीक आहे. आता कॉलच्या अ‍ॅपमध्ये तोच माईक निवडलाय का बघा.

२. कॅमेरा: साधारणपणे एका वेळी एकच अ‍ॅप कॅमेरा वापरू शकतं. बाकीची बंद करा. ब्राउझरमधून कॉल असेल, तर कॅमेऱ्याची परवानगी दिलीय का तपासा.

३. स्क्रीन शेअर काळी: उबंटू २२.०४ आणि २४.०४ मध्ये साधारणपणे 'वेलँड' चालू असतं. त्यात एक अ‍ॅप दुसऱ्याची स्क्रीन थेट वाचू शकत नाही, म्हणून जुनी अ‍ॅप्स अडतात. आधी अ‍ॅप अपडेट करा. तरी जमलं नाही, तर लॉग आउट करून नावावर क्लिक करा, खालच्या कोपऱ्यातल्या चक्रातून 'उबंटू ऑन झॉर्ग' निवडा आणि मग पासवर्ड टाका.

कॉलच्या १५ मिनिटं आधी चाचणी घ्या आणि मोबाईल चार्ज करून शेजारी ठेवा. गिऱ्हाईकाला आपली सिस्टीम नाही, माल बघायचा असतो!